कडी लावून मागितलेली शांती

ध्यानानं जगात शांती येते का, असा प्रश्न मला कुणी पाच-सहा महिन्यांपूर्वी विचारला असता, तर मी त्याला समोर बसवून अर्धा तास उत्तर दिलं असतं. उत्तर द्यायची मला सवयच आहे. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मुलांच्या प्रश्नाला 'मला माहीत नाही' असं म्हणायचं नसतं, हे आमच्या पिढीच्या बाईंच्या अंगात भिनलेलं. आज तोच प्रश्न कुणी विचारला तर मी जरा थांबते. का थांबते, ते लिहून ठेवायचं आहे. लिहिताना माझी बाजू काही बरी दिसणार नाही. पण सिद्धेश्वरानं जे पदरात घातलं ते सांगायचं, तर आपला पदर किती फाटका होता हेही सांगावं लागतं.

माझं माहेर मोहोळजवळचं, शेतातलं. लग्न होऊन सोलापुरात आले ती पूर्व भागात, जिथे घराघरांत टॉवेल-चादरींचे माग. आमच्या घराची आणि शेजारच्या कारखान्याची भिंत एकच. दिवसभर खटाक् खटाक्, खटाक् खटाक्. मांडणीवरची भांडी आपोआप सरकायची, पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. पहिले सहा महिने मी रडून काढले. आमचे हे मात्र त्याच आवाजात मोठे झालेले. टेंभुर्णीकडचं गाव सोडून मिसरूड फुटायच्या आत ते मागावर आले आणि पुढे जॉबर झाले, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. ह्यांची एक तऱ्हा होती. चालू मागावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, सूत घेऊन धावणारा धोटा उजवीकडं अडतोय. मी चिडवायचे, बायकोशी बोलायला तोंड नाही आणि लोखंडाशी बऱ्या गप्पा होतात. ते नुसते हसायचे.

एक गोष्ट तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक होती, आणि ती मी कशी विसरले याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडची तान्ही पोरं आवाजानं जागी व्हायची नाहीत, आवाज थांबला की जागी व्हायची. दसऱ्याला मागांची पूजा, कारखाने बंद, की गल्लीभर पाळण्यांतून रडारड. माझा मुलगा तर दसऱ्याला दिवसभर किरकिरायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला माग सुरू झाला की तोंडात अंगठा घालून गाढ झोपायचा. शेजारणी म्हणायच्या, ह्याची अंगाई कारखान्याच्या बटणात आहे गं बाई.

हे कामाला होते तो कारखाना दोन वर्षांपूर्वी बंद पडला. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं हट्टानं जुनं घर विकायला लावलं आणि गेल्या दिवाळीत सात रस्त्याच्या मागच्या अंगाला, आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आम्हाला फ्लॅट घेऊन दिला. पहिल्या सकाळी मी गॅलरीत उभी राहिले आणि कडुनिंबावर पाखरू बोललेलं ऐकू आलं. स्वतःच्या घरात उभं राहून पाखरू ऐकायचं, हे लग्नानंतर पहिल्यांदा. डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, देवानं ऐकलं. माझं एकटीचं ऐकलं, हे काही तेव्हा लक्षात आलं नाही.

ध्यान मी नोकरीत असतानाच शिकले होते, पण निवृत्तीनंतर त्याचं वेड लागलं. नव्या घरात दर गुरुवारी सकाळी नऊ ते दहा आम्ही सात जणी एकत्र बसू लागलो. माझ्याकडे एक वही होती. जगात जिथे जिथे युद्ध, दंगे, उपासमार चालली आहे त्या देशांची नावं तिच्यात लिहिलेली. ती मी वाचायचे, मग संकल्प, की सर्वत्र शांती नांदो, आणि मग तासभर मौन. नियम कडक. मोबाईल बंद, खोलीला आतून कडी, आणि काही झालं तरी तास पुरा होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत की उठायचं नाही. मी नियम सांगायला लागले की बायका गालात हसायच्या, कारण माझ्या तोंडून अजूनही 'हाताची घडी, तोंडावर बोट' असंच निघायचं. घरालाही हळूहळू तोच नियम लागू झाला. कुरकुरणारा पंखा काढला, मिक्सर दिवसातून एकदाच, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची, ह्यांचा जुना रेडिओ कपाटात. घर कसं देवळासारखं असावं, असं मी सगळ्यांना सांगायचे.

आणि त्या देवळात ह्यांच्या कानात शिटी वाजायला लागली. ऐकू तर आधीपासून कमी येत होतं. मागांत आयुष्य काढलेल्या माणसाचे कान तसेच होतात. पण ही शिटी निराळी. कुकरची शिटी वाजावी आणि थांबायची विसरावी, असं ते सांगायचे. दिवसा जरा कमी, पाठ टेकली की फार. झोप उडाली. चार महिन्यांत सदरे अंगावर ढगळ झाले. जेवताना घास हातात तसाच राहायचा आणि हे कुठेतरी लांब बघत बसायचे. कधी बोलून दाखवायचे नाहीत, मूळचेच अबोल. मी मात्र रोज सांगायचे, मन एकाग्र करा, श्वासाकडे बघा. ते बिचारे डोळे मिटून बसायचे, आणि शांततेत बसलं की ती शिटी आणखी चढायची, हे मला आज कळतं.

शिटी सुरू झाली त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, आतली नस सुकली आहे, याला औषध नाही. ह्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून पुढचं सगळं माझ्याकडे बघून सांगितलं. म्हणाले, यांना अगदी शांत जागेत ठेवू नका. पंखा चालू द्या, रेडिओ लावा, बारीकसा कसला तरी आवाज जवळ असू द्या, म्हणजे कानातला आवाज दबतो आणि झोप लागते. मी मान डोलावली. जिना उतरताना ह्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही, मन शांत ठेवा म्हणाले.

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल. तेव्हा मला ते खोटं वाटलंच नाही. डॉक्टर पोरसवदा, त्याला ध्यानातलं काय कळतंय. दुखणं आवाजाचं आहे तर उतारा शांततेचाच असणार, अशी मी माझी समजूत घातली. पण खरं सांगायचं तर पंखा, रेडिओ घरात आला की माझी पहाट मोडणार, माझा गुरुवार मोडणार, ही भीती त्या समजुतीखाली दडून बसली होती. ते मी त्या वेळी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

गुरुवारचा तास संपला की आमचा चहा आणि प्रश्न. देव आहे तर लेकरांवर बॉम्ब का पडतात? मेल्यावर आपण कुठे जातो? भल्या माणसाच्याच वाट्याला दुखणी का? माझ्याकडे सगळ्याची उत्तरं तयार असायची. पोस्टातून निवृत्त झालेल्या निर्मलाताई तेवढ्या बशीत चहा ओतत ऐकून घ्यायच्या. त्या बौद्ध, लहानपणापासून विहारात बसायची सवय, त्यामुळे आमच्या सात जणींत सगळ्यात स्थिर बैठक त्यांचीच. एकदा त्यांनी सरळ विचारलं, बाई, आपण सात जणी हितं डोळे मिटून बसल्यावर तिकडचं युद्ध थांबतं का हो? मी लहरी, स्पंदनं, सामूहिक शक्ती असं पुष्कळ बोलले. त्या शांतपणे म्हणाल्या, आमच्या विहारात सांगायचे, असल्या काही प्रश्नांवर बुद्ध नुसते गप्प बसायचे. मला राग आला. उत्तर येत नसलं की वर्गातली पोरंही गप्पच बसतात, असं मी मनात म्हटलं.

तो बुधवार मला अजून दिसतो. संध्याकाळी हे गॅलरीत उभे होते. खाली बघत म्हणाले, तळ्यात जाऊन बुडी मारली तर ही शिटी बंद हुईल का गं? मी दुसऱ्या दिवशीच्या सतरंज्या झटकत होते. म्हटलं, काहीतरीच बोलू नका, उद्या ध्यान आहे, लवकर झोपा. झोपा म्हटलं मी. चार महिने डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाला.

गुरुवारी नेहमीप्रमाणे नावं वाचली, संकल्प केला, डोळे मिटले. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. दार वाजलं. बोटाच्या पेरानं, हळू, दोनदा. मग ह्यांचा आवाज आला, "अगं, जरा ऐकतीस का?" मी डोळे उघडले नाहीत. उलट मनातून सुखावले, की बघा, बाहेरून एवढा व्यत्यय आला तरी माझी बैठक मोडली नाही. पुन्हा एकदा वाजलं. थोडा वेळ काहीच नाही. मग पावलं लांब गेली आणि बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. पुढची चाळीस मिनिटं मी जगासाठी शांती मागत बसले.

दहा वाजता कडी काढली. ओट्यावर पोह्यांची बशी झाकलेली तशीच. ह्यांचा मोबाईल टीव्हीपाशी, रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्या शेजारी, आणि दारातल्या चपला नाहीत. खाली वॉचमन म्हणाला, काका मघाशीच गेले की, कुठं विचारलं तर बोलले न्हाईत. तेवढ्यात मला बुधवारची संध्याकाळ आठवली. तळं, एवढा एकच शब्द तोंडातून निघाला. बाकीच्या पाच जणी आजूबाजूच्या गल्ल्यांत पांगल्या, आणि निर्मलाताईंनी काही न विचारता स्कूटी काढली.

सिद्धेश्वराच्या तळ्याला मी जन्मभर प्रदक्षिणा घातल्या, पण त्या दिवशी पाण्याकडे बघवेना. पाणी अगदी स्थिर होतं, वर ऊन चमकत होतं, काठाला दोन बदकं. मी मोबाईलमधला ह्यांचा फोटो फुलवाल्याला दाखवला, रखवालदाराला दाखवला, कपडे वाळत घालणाऱ्या बाईला दाखवला. कुणी पाहिलं नव्हतं. निर्मलाताई काठाकाठानं बघत गेल्या आणि मी देवळात शिरले. उंबऱ्यावर डोकं टेकलं. रोज पाठ असलेला संकल्प आठवेना. वहीतल्या देशांपैकी एकाचंही नाव आठवेना. तोंडातून एवढंच आलं की सिद्धरामा, जगाचं राहू दे बाबा, माझा माणूस दे. इतकी लहान, इतकी आपमतलबी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती. पण त्या वेळी माझ्याकडे तेवढंच खरं होतं. मग तेही मागायचं संपलं आणि मी नुसती पडून राहिले. तू बघ आता, एवढंच मनात होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्यावर हात पडला. एक म्हातारी बाई वाकून बघत होती. केसांत, भुवयांत, लुगड्याच्या चुण्यांत कापसाचं पांढरं तूस चिकटलेलं. कारखान्यातून आलेली बाई आम्हाला लांबून ओळखता येते. तिनं विचारलं, काय झालं अक्का? मी मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, मान वाकडी केली आणि म्हणाली, "हा जॉबरमामा का? आमच्या कारखान्यात झोपलाय की."

झोपलाय. मी तिला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला हसू आलं. म्हणाली, "घोरतोय अक्का."

तिचं नाव नरसव्वा. तेलुगू विणकरांच्या घरातली, वीस वर्षं कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसवायच्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळून देते. निर्मलाताईंच्या स्कूटीवर आम्ही तिघी बसून पूर्व भागात निघालो. साठीच्या बायकांना ट्रॅफिक पोलीसही अडवत नाहीत. गल्ली जवळ आली तसा तो आवाज आधी अंगाला कळला, मग कानाला. खटाक् खटाक्. ज्या आवाजाला मी सारा जन्म शिव्या घातल्या, त्याच्या दिशेनं मी मान पुढे काढून जात होते.

आठ मागांचा लहानसा कारखाना. मालक स्वतःच एका मागावर उभा होता. त्यानं मोठ्यानं ओरडत सांगितलं तेवढं समजलं. सकाळी हे रस्त्यानं चालत आले, कारखान्याबाहेर थांबले, भिंतीला तळहात लावला आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. त्याला वाटलं, घेरी आली. जवळ जाऊन बघतो तर जॉबरमामा, त्याच्या वडिलांच्या वेळी माग जोडून देणारे. हात धरून आत आणलं, कोपऱ्यात टॉवेलांच्या ढिगावर बसवलं, चहा सांगितला. चहा येईपर्यंत हे आडवे झालेले.

मी बघितलं. उघड्या टॉवेलांवर एका कुशीला, गुडघे पोटाशी, एक हात भिंतीला टेकलेला. तोंड किंचित उघडं. कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. आठ माग कानाशी दणदणत होते, फरशी थरथरत होती आणि माझा माणूस तान्ह्या पोरासारखा झोपला होता. तेव्हा मला एकदम दसरा आठवला, आमच्या गल्लीतले पाळणे आठवले आणि डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, अंगभर भाजली.

त्यांना उठवायचा प्रश्नच नव्हता. मी ढिगाच्या कडेला बसले. निर्मलाताई सुताच्या गाठोड्यावर बसल्या आणि त्यांनी सवयीनं डोळे मिटले. नरसव्वा आपल्या चरख्यापाशी गेली. जाताना तिनं आम्हा दोघींच्या हातावर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी ठेवली. वरच्या काचेतून उन्हाची एक तिरीप खाली आली होती आणि तिच्यात कापसाचं तूस हळूहळू तरंगत होतं, लहानपणी आम्ही शेतात जिच्यामागे पळायचो त्या रुईच्या म्हातारीसारखं. ते खाली येतच नव्हतं. कधी वाटे वर चाललंय. बघता बघता माझेही डोळे मिटले. श्वास मोजला नाही, मंत्र म्हटला नाही. खालची फरशी थरथरत होती, ती थरथर माझ्या मांड्यांतून, पाठीतून चढत छातीत आली आणि छाती त्याच तालात हलायला लागली. आवाज होता, पण थोड्या वेळानं तो बाहेर राहिला नाही. मी आहे, हे झोपलेत, नरसव्वाचा चरखा फिरतोय, पलीकडे कुणीतरी विणतंय, तो टॉवेल कुठल्या तरी लांबच्या देशात कुणी तरी तोंड पुसायला घेणार आहे, असं काहीबाही येत होतं आणि विरत होतं. माझी वही, माझी कडी, माझी उत्तरं कुठं गेली होती देव जाणे. मधेच डोळे उघडले तर तिरीप फरशीवरून सरकून ह्यांच्या पायांवर आली होती. मी पुन्हा मिटले. एकतीस वर्षं मुलांना गप्प बसवलेली बाई त्या खडखडाटात पहिल्यांदा आतून गप्प झाली.

दुपारी दोनच्या सुमाराला लाईट गेली. आठही माग एकदम थांबले. काय ती शांतता. आणि त्या क्षणी हे दचकून उठून बसले. इकडेतिकडे बघत म्हणाले, "लाईट गेली व्हय?" मग मी दिसले. ओशाळले, जसे काही शाळा चुकवताना सापडले.

मी जवळ सरकून विचारलं, सकाळी दार वाजवलंत, काय सांगत होतात? ऐकू जावं म्हणून दोनदा विचारावं लागलं. त्यांनी टॉवेलाची दशी ओढत मान खाली घातली. म्हणाले, "काय न्हाय गं. तू समद्या जगासाठी मागतीस, म्हणलं त्यात माझी तासभर झोप घालतीस का बघावं. मला काय तसलं मागता येत न्हाय."

मला रडू आवरेना. रडतच मी पुटपुटले की मी तुम्हाला फसवलं. त्यांनी कानामागे हात धरला. काय? मी पुन्हा बोलले. काय म्हणतीस? आता कारखान्यात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालेलं. मालक, चार कामगार, नरसव्वा, निर्मलाताई, सगळे हात थांबवून बसलेले. ह्यांना ऐकू जायचं तर ओरडायलाच हवं होतं. शाळेत, घरात, कुणापुढे कधी 'माझं चुकलं' असं न म्हणालेली मी बाई, आणि देवानं मला पहिलीच वेळ अशी दिली. मी ओरडले, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हाला शांत जागेत ठेवू नका म्हणून. पंखा लावा, रेडिओ लावा म्हणाले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही. माझं ध्यान मोडेल म्हणून नाही सांगितलं. चुकले मी!"

 हे माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात राग आला होता, मी तो पाहिला, आणि तो यायलाच हवा होता. म्हणाले, "चार महिन्यांनी सांगतीस व्हय हे?" मी मान खाली घातली. त्यांनी हातातली टॉवेलाची दशी ओढून तोडली. मग माझ्या पाठीवर त्यांचा हात आला, मागावर ठेवायचे तसा, सगळा तळहात टेकून. म्हणाले, "बरं झालं वरडलीस. तेवढा वेळ शिटी गेलती बघ."

तिकडे नरसव्वा पदरात तोंड घालून हसली आणि मग आम्ही सगळेच. तेवढ्यात लाईट आली. एक माग सुरू झाला, दुसरा, तिसरा. ह्यांनी मला हातानं खूण केली, पाचच मिनिटं, आणि पुन्हा आडवे झाले. उठले ते चार वाजता.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. शिटी गेलेली नाही, जाणारही नाही. कपाटातला रेडिओ बाहेर आला, कुरकुरणारा पंखा पुन्हा टांगला. मुलानं मागांचा आवाज मोबाईलमध्ये भरून दिला. त्यानं थोडा उपयोग होतो, पण फरशी थरथरत नाही, असं ह्यांचं म्हणणं. कारखान्याच्या मालकानं ह्यांना रोज दुपारी बोलावलं आहे. दोन तास माग बघायचे आणि तास-दीड तास ढिगावर झोपायचं, असा त्यांचा करार आहे. अंगावर जरा मांस आलं आहे. काही रात्री अजून वाईट जातात, तेव्हा मी उठून बसते. सोबत म्हणून. श्वासाकडे बघा, असं आता म्हणत नाही.

नरसव्वाला मी नंतर विचारलं, की तू त्या दिवशी तळ्यावर कशी आलीस? तिच्या घरचं दैवत मार्कंडेय, ती सिद्धेश्वराला फारशी जात नाही, आणि कामाच्या वेळी तर नाहीच. ती म्हणाली, सूत संपलं होतं, नवीन यायला तासभर होता, हात रिकामे होते, म्हटलं जाऊन यावं. का तिकडेच, ते तिलाही सांगता येत नाही. मी पूर्वीची असते तर त्याचंही उत्तर काढलं असतं. आता नाही काढत. तिच्या हातातलं सूत संपणं आणि माझं मागणं संपणं एकाच वेळी झालं, एवढं मी पाहिलं. ज्यानं ते केलं त्याच्या उंबऱ्यावर दर सोमवारी डोकं ठेवून येते. काही मागत नाही. मागायचं ठरवून गेले तरी तिथे पोचल्यावर नुसतं बरं वाटतं आणि परत येते.

गुरुवार अजून चालू आहे. वही आहे, देशांची नावं आहेत, दुर्दैवानं वाढलीच आहेत. पण त्यांच्या आधी आता घरातली नावं घेतो. कुणाची सून बोलत नाही, कुणाच्या भावाचं ऑपरेशन आहे, कुणाला झोप नाही. पंखा वर कुरकुरत असतो. मध्ये एकदा निर्मलाताईंनी बशीत चहा ओतत पुन्हा विचारलं, काय बाई, थांबतं का युद्ध? मी म्हटलं, मला माहीत नाही हो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बशी माझ्यापुढे सरकवली. दार वाजलं तर उठायचं, एवढं मात्र मला कळलं आहे. म्हणून आता खोलीला कडी नसते.

गेल्या गुरुवारी संकल्प होऊन दहा मिनिटं झाली असतील, बाहेरचं दार वाजलं. सातही जणी एकदम उठलो, सतरंजीत पाय अडकून एकीची चप्पल दुसरीच्या पायात. गॅसवाला होता. तीन जिने सिलिंडर खांद्यावर घेऊन आलेला, घामाघूम, आणि आम्हा सगळ्यांना एकदम दारात बघून बिचारा दचकला. त्याला बसवलं, पाणी दिलं, पंख्याखाली जरा थांब म्हटलं. तो गेला, मग आम्ही येऊन पुन्हा डोळे मिटले.